सायकलवरून पडलात? सायकल सोडू नका, कारण शोधा

पन्नाशी-साठीच्या पुढे सायकलवरून पडल्यावर हाड शाबूत राहिले, तरी बाकी पुष्कळ काही मोडू शकते. हिंमत मोडते, सवय मोडते आणि कुणावर अवलंबून न राहता हिंडण्याफिरण्याची मोकळीक जाते. अशा वेळी दुखणे लपवणे जितके चुकीचे, तितकेच घाबरून सायकल अडगळीत टाकणेही चुकीचे.

सायकलवरून पडलेला माणूस सर्वांत आधी काय करतो? कुठे लागले ते पाहत नाही. आधी इकडेतिकडे पाहतो, कुणी बघितले तर नाही ना! मग घाईघाईने उठतो, कपडे झटकतो, वाकडे झालेले हँडल सरळ करतो आणि जमलेल्या चारजणांना सांगतो, ‘काही नाही, काही नाही, जरा तोल गेला.’ पडलो तरी नाक वर, ही म्हण उगीच पडलेली नाही.

वय विशीचे असेल, तर हे खपून जाते. पण अठ्ठावन्न-साठ वर्षांचा गृहस्थ रोजच्या कामाच्या वाटेवर असा पडतो, तेव्हा ‘काही नाही’ म्हणून भागत नाही. घरी पोहोचल्यावर तो बहुधा दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर पूर्ण बाहीचा सदरा घालून कोपर झाकतो आणि घरात ब्र काढत नाही. नाही तर सगळे सांगतो, आणि मग घरातले सगळे मिळून त्याची सायकल बंद करतात. या दोन्हींत नुकसान त्याचेच असते.

दासीचे तळे आणि सायकलींचे गाव

जबलपूरच्या चेरीताल भागात सायकल ही काही हौसेची वस्तू नव्हे. चेरी म्हणजे दासी. गोंडवनाच्या राणी दुर्गावतीच्या नावाने राणीताल, तिचा प्रधान आधारसिंग याच्या नावाने आधारताल आणि तिच्या लाडक्या दासीच्या नावाने चेरीताल, अशी आख्यायिका इथे घरोघरी ऐकायला मिळते. राणी १५६४ साली मोगलांशी लढताना धारातीर्थी पडली. पुढे दासीचे तळेही बुजले आणि त्या जागी दाट वस्ती उभी राहिली. गल्ल्या अरुंद, घरे एकमेकांना खेटून, मधूनच एखादे देऊळ, किराणा दुकान, पंक्चरवाला. अशा गल्लीतून चारचाकीपेक्षा सायकल सहज निघते.

त्यातून जबलपूर हे कारखान्यांचे शहर. १९०४ साली इथे तोफगाड्यांचा कारखाना, म्हणजे गन कॅरेज फॅक्टरी सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आला आणि १९६९ मध्ये लष्करी वाहनांचा. भोंगा झाला की कारखान्याच्या फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा, ही या शहराची जुनी ओळख. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन हे कारखाने नव्या सरकारी कंपन्यांकडे गेले. फाटकापुढे आता मोटारसायकली जास्त दिसतात. तरीही डबा कॅरिअरला लावून सायकलने निघणारे प्रौढ कामगार, दुकानांतले हिशेबनीस, शाळांतले शिपाई, देवळांतले पुजारी आजही या शहरात आहेत. पिढ्यान्‌पिढ्या जबलपुरात राहिलेल्या मराठी घरांतही एखादे काका किंवा आजोबा असे निघतातच. केंद्र सरकारी नोकरांचे निवृत्तीचे वय १९९८ साली ५८ वरून ६० झाले. म्हणजे साठीच्या उंबरठ्यापर्यंत रोज सायकल मारणारी माणसे या शहराने भरपूर पाहिली आहेत.

या माणसांना सायकल काय देते? पेट्रोलचा खर्च वाचतो, हे तर आहेच. गुडघे, हृदय आणि रक्तातली साखर ताळ्यावर राहायला मदत होते, हेही खरे. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कुणापुढे हात पसरावा लागत नाही. बँकेत जायचे, भाजी आणायची, मित्राकडे बसायचे, तर मुलाच्या वेळेची वाट पाहावी लागत नाही. म्हणूनच सायकल सुटली की माणूस मनाने दोन वर्षांनी म्हातारा होतो.

पहिला तास महत्त्वाचा

पडल्याबरोबर उठण्याची घाई करू नये. आधी रस्त्यातून बाजूला व्हावे किंवा कुणाची मदत घ्यावी. मग पाच मिनिटे बसून राहावे. हात, पाय, मान सावकाश हलवून पाहावी. मान दुखत असेल किंवा हातापायांना मुंग्या येत असतील, तर जागचे हलू नये आणि लोकांनाही ओढून उठवू देऊ नये. मध्य प्रदेशात १०८ क्रमांकावर फोन केला की रुग्णवाहिका येते.

घाबरल्यामुळे अंगात जी तरतरी येते, तिच्या भरात पहिला अर्धा तास दुखणे कळत नाही. ‘मी तर चांगला उठून सायकल चालवत घरी आलो,’ असे सांगणाऱ्याला संध्याकाळी हात वर करता येत नाही, तो याचमुळे. शक्य असेल तर त्या दिवशी सायकल जवळच्या दुकानात ठेवून रिक्षाने घरी यावे.

खरचटलेली जागा वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने चांगली पाच-दहा मिनिटे धुवावी. खडीचे कण, माती आत राहिली तर जखम चिघळते आणि कातडीवर काळा डागही राहतो. आपल्याकडे जखमेवर हळद, चहाची पूड, राख, काही ठिकाणी टूथपेस्टसुद्धा लावतात. रस्त्यावरच्या जखमेवर यातले काही नको. धुऊन, कोरडी करून, मलम लावून स्वच्छ पट्टी बांधावी. ही पट्टी रोज बदलावी. मधुमेह असणाऱ्यांनी तर ‘एवढेसे खरचटले’ म्हणून दुर्लक्ष करूच नये, कारण त्यांची जखम उशिरा भरते.

राहिला धनुर्वाताचा प्रश्न. मातीने माखलेली जखम असेल आणि आधीच्या इंजेक्शनला पाच वर्षे होऊन गेली असतील, तर पुन्हा डोस घ्यावा लागतो. आज साठीला आलेल्या अनेकांना लहानपणी या लसीचे पुरते डोस मिळालेलेच नाहीत, कारण देशातला व्यापक लसीकरण कार्यक्रम १९७८ साली सुरू झाला. आधीचे आठवत नसेल, तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

मुका मार बोलका होतो

जखम दिसते, म्हणून तिच्यावर उपचार होतो. मुका मार दिसत नाही. सूज आलेल्या जागी पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवावा, एका वेळी पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. हात किंवा पाय उशीवर उंच ठेवावा. या दोन दिवसांत गरम शेक आणि मालीश टाळावी, त्याने सूज वाढते. आजीच्या बटव्यातला आंबेहळदीचा लेप जखम नसलेल्या जागी लावायला कुणाची हरकत नाही. पण हाड मोडले की नाही, हे लेपाला कळत नाही. ते एक्स-रेच सांगतो.

पडताना माणूस आपोआप हात पुढे करतो, त्यामुळे सारा भार मनगटावर येतो. मनगटाजवळचे हाड मोडण्याचा हा नेहमीचा प्रकार डब्लिनचे शल्यचिकित्सक अब्राहम कोलिस यांनी १८१४ साली वर्णन करून ठेवला आणि तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्यात मनगट वाकडे दिसते, म्हणून तो लक्षात येतो. फसवे असते ते दुसरे हाड. अंगठा ताणून वर केला, की त्याच्या मुळाशी मनगटाच्या बाजूला एक खळगा पडतो. त्या खळग्यात दाबल्यावर कळ येत असेल, तर तिथले छोटे हाड तडकलेले असू शकते. पहिल्या एक्स-रेत ही तड कित्येकदा दिसत नाही. म्हणून ‘एक्स-रे चांगला आहे’ एवढ्यावर समाधान न मानता, दुखणे कायम असेल तर दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा तपासून घ्यावे. या हाडाचा रक्तपुरवठा तोकडा असल्यामुळे दुर्लक्ष झाले तर ते जुळून येत नाही आणि मनगट कायमचे दुखत राहते.

तसेच खुब्याचे. खुब्याचे हाड मोडले की माणूस उभाच राहू शकत नाही, असा समज आहे. परंतु तडकलेली टोके एकमेकांत रुतून बसली, तर माणूस लंगडत का होईना, चालतो. पडल्यानंतर जांघेत दुखत असेल आणि त्या पायावर भार देताना कळ येत असेल, तर चालता येते म्हणून गप्प बसू नये.

बरगडीला मार बसला असेल, तर खोल श्वास घेताना, खोकताना, शिंकताना कळ येते. पूर्वी छातीला पट्टा आवळून बांधत. आता तसे करत नाहीत, कारण श्वास उथळ झाला की छातीत कफ साठून न्यूमोनियाचा धोका वाढतो. उशी छातीशी धरून दर तासाला काही खोल श्वास घेणे, हा त्यावरचा साधा उपाय. बरगडी बरी व्हायला सहा आठवडे लागू शकतात. धाप लागली, ताप आला किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर मात्र लगेच दवाखाना गाठावा.

आणि हाडवैद्याकडे जाण्याचा मोह होतोच. हाड मोडलेले नाही अशी खात्री एक्स-रेने होण्याआधी कुणालाही सांधा ओढू किंवा चोळू देऊ नये. जबलपुरात सेठ गोविंददास जिल्हा रुग्णालय आहे, जुने लोक त्याला अजूनही व्हिक्टोरियाच म्हणतात. शिवाय नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. लहान गावांतही एक्स-रेची सोय आता फार लांब राहिलेली नाही.

डोक्याचा मार मुंगीच्या पावलांनी येतो

दुखणे हत्तीच्या पायांनी येते आणि मुंगीच्या पायांनी जाते, असे म्हणतात. डोक्याच्या माराचे कधीकधी उलटे होते. तो मुंगीच्या पावलांनी येतो.

वय वाढते तसा मेंदू किंचित आक्रसतो. मेंदू आणि कवटीचे अस्तर यांच्यामधल्या बारीक रक्तवाहिन्या त्यामुळे ताणलेल्या राहतात. साध्या दणक्यानेही त्यातली एखादी फुटते आणि रक्त थेंबाथेंबाने साठत जाते. पडल्यानंतर दोन-चार आठवडे सगळे ठीक चालते. मग डोके दुखू लागते, झोप अनावर होते, बोलण्यात गोंधळ होतो, चालताना एका बाजूला तोल जातो. घरच्यांना वाटते, वय झाले, विसराळूपणा आला. त्या किरकोळ पडण्याशी त्याचा संबंध असेल हे कुणाच्या ध्यानीमनी येत नाही. वेळीच सी. टी. स्कॅन झाला तर हा आजार शस्त्रक्रियेने बरा होतो.

म्हणूनच पडणे लपवू नये. ज्याने घरात सांगितलेच नाही, त्याच्या बायकोमुलांनी डॉक्टरांना काय सांगायचे?

काही लक्षणे दिसली, तर मात्र तडक रुग्णालयात न्यावे. क्षणभर का होईना शुद्ध हरपणे, पडल्याचा प्रसंगच न आठवणे, वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपेतून नीट जागे न होणे, नाकाकानातून रक्त किंवा पाणी येणे, हातापायातली शक्ती जाणे, झटका येणे, ही ती लक्षणे. पहिले दोन दिवस पडलेल्या माणसाला घरात एकटे ठेवू नये.

हृदयविकार किंवा अर्धांगवायूनंतर रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डोक्याला मार लागल्यावर काही जाणवत नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे आणि गोळ्यांची नावे सांगावीत. पण या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. त्यातून दुसरेच संकट ओढवते.

अंथरूण धरू नका

हाड मोडलेले नाही, डोक्याला लागलेले नाही, हे एकदा नक्की झाले की घरात प्रेमाचा पूर येतो. ‘तुम्ही आता महिनाभर नुसते पडून राहा.’ सूनबाई चहा हातात देते, नातू चप्पल आणून देतो. हे प्रेम मोलाचे आहे, पण पडून राहणे महागात पडते.

२००७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. साठी ओलांडलेल्या निरोगी माणसांना केवळ दहा दिवस अंथरुणावर राहायला सांगितले. एवढ्या अवधीत त्यांच्या पायांतले सरासरी जवळजवळ एक किलो स्नायू कमी झाले. आजार नाही, मार नाही, नुसते पडून राहणे! तरुणपणी गेलेली ताकद लवकर परत येते, साठीनंतर तिला वेळ लागतो. म्हणून दुखणाऱ्या भागाला विश्रांती द्यावी आणि बाकीचे शरीर चालते ठेवावे. हात गळ्यात बांधला असेल, तरी पायांनी अंगणात फिरता येते. जेवणात डाळ, दूध, दही, अंडी असे प्रथिनांचे पदार्थ रोज असावेत.

दुखणे थांबवायच्या गोळ्यांबद्दल एक इशारा. औषधांच्या दुकानातून मागून आणलेल्या जोरदार वेदनाशामक गोळ्या रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार किंवा पोटात व्रण असलेल्यांना अपाय करतात. त्यांच्यापेक्षा पॅरासिटामॉल बहुधा सुरक्षित. तीही किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

साध्या पडण्याने मनगट किंवा खुबा मोडला असेल, तर ते जुळल्यावर विषय संपवू नये. हाडांची घनता, ‘ड’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांची तपासणी करून घ्यावी. हाड ठिसूळ झाल्याची पहिली खूण कित्येकदा अशीच मिळते.

मनाला लागलेला मार

कातडी दोन आठवड्यांत भरते, लचक महिन्या-दीड महिन्यात सुटते. त्यानंतरही माणूस सायकलकडे जात नाही. विचारले तर म्हणतो, ‘टायरमध्ये हवा नाही.’ दुसऱ्या दिवशी म्हणतो, ‘ऊन फार आहे.’

पडलेल्या वृद्धांच्या या भीतीचा डॉक्टरांनी बारकाईने अभ्यास केला आहे. १९८२ साली मर्फी आणि आयझॅक्स या दोघांनी ३६ वृद्ध रुग्णांची पाहणी करून तिला ‘पडण्यानंतरची लक्षणे’ या अर्थाचे नाव दिले. काही रुग्ण शरीराने चालण्याजोगे असूनही आधार सोडायला तयार नव्हते. हातात येईल ते घट्ट पकडत होते. यातून एक दुष्टचक्र सुरू होते. भीतीमुळे हालचाल कमी, हालचाल कमी म्हणून स्नायू अशक्त, अशक्तपणामुळे तोल कच्चा आणि तोल कच्चा म्हणून पुन्हा पडणे. जपायचे म्हणून घरी बसलेला माणूस काही महिन्यांनी न्हाणीघरात घसरतो, तो याच वाटेने.

या भीतीत लाज मिसळलेली असते. ज्या रस्त्यावर तीस वर्षे सायकल चालवली, तिथेच चारचौघांत आडवे झालो, हे मनाला लागते. अशा वेळी एक उदाहरण आठवावे. १८ जून २०२२ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जो बायडेन डेलावेअरमध्ये सायकल चालवत होते. लोकांशी बोलायला ते थांबले आणि पायडलच्या पट्ट्यात पाऊल अडकून कॅमेऱ्यांसमोर आडवे झाले. तेव्हा त्यांचे वय ७९ होते. त्यांना लागले नाही. उठून ते लोकांशी बोलले. सायकल थांबवताना तोल जाणे ही गल्लीतल्या काकांचीच खोड नव्हे, हे त्या दिवशी साऱ्या जगाने पाहिले.

घरच्यांनी काय करावे?

‘बाबा, आता पुरे झाली सायकल. उद्यापासून मी सोडत जाईन तुम्हाला.’ मुलाच्या या वाक्यात काळजी असते. पण उद्यापासूनचा हा वायदा महिनाभरही टिकत नाही. मुलाची स्वतःची नोकरी असते. मग बाबा ताटकळत बसतात, चिडचिड होते आणि घरात नवे भांडण सुरू होते.

‘अहो, काही झाले असते म्हणजे?’ या बायकोच्या प्रश्नाला तर उत्तरच नसते. तिची रात्रीची झोप उडालेली असते. तिला हसण्यावारी नेणाऱ्याने एवढे लक्षात घ्यावे, की खुबा मोडला तर सहा महिने उठबस तिलाच करावी लागणार असते.

तेव्हा सायकल बंद की चालू, हा निर्णय पडल्याच्या दिवशी घेऊच नये. त्या दिवशी सगळे घाबरलेले असतात. महिन्याभराने सर्वांनी एकत्र बसावे आणि ‘पडले का?’ या प्रश्नापासून सुरुवात करावी. निर्णय त्यांना सांगून टाकू नये, त्यांच्यासह घ्यावा. पडणाऱ्यानेही ‘माझे मला कळते’ हा हेका सोडावा. पुन्हा कधी पडलो तर त्याच दिवशी घरात सांगेन, हा शब्द त्याने द्यावा. आणि तो खरे सांगेल, अशी मोकळीक घरच्यांनी ठेवावी. सांगितल्यावर बोलणीच खावी लागणार असतील, तर कोण सांगेल?

कारण शोधा

‘खड्डा होता,’ हे उत्तर बरोबर असते, पण पुरे नसते. तो खड्डा दहा वर्षे तिथेच होता. मग आजच का पडले?

कारण कधी औषधात सापडते. रक्तदाबाच्या, झोपेच्या, सर्दीच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उठताना किंवा वळताना गरगरते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन न खाता सकाळच्या पाळीला निघाले, तर साखर एकदम उतरते. कधी कारण डोळ्यांत असते. मोतीबिंदू पिकत असेल तर समोरून येणाऱ्या दिव्यांनी दिपून जायला होते आणि दुहेरी भिंगाचा नवा चश्मा असेल तर खालचा रस्ता धूसर दिसतो. ऐकू कमी येत असेल, तर बिनआवाजाची ई-रिक्षा अंगावर येईपर्यंत कळत नाही. मान वळत नसेल, तर मागे पाहताना हँडलही वळते.

कधी कारण सायकलीतच असते. आपली काळी, उंच, दांड्याची सायकल तरुणांसाठी ठीक. साठीनंतर कॅरिअरवरून पाय पलीकडे टाकणे हीच मोठी कसरत होते. वयस्क सायकलस्वार कित्येकदा चढता-उतरताना आणि अगदी हळू जाताना पडतात, असे सायकलींचा देश समजल्या जाणाऱ्या नेदरलँडमध्येही आढळले आहे. तिथे २०१८ पासून वृद्धांनी शक्य तितकी वर्षे सुरक्षितपणे सायकल चालवावी, यासाठी राष्ट्रीय कार्यक्रमच राबवला जातो. सायकल सोडा, असे तिथले सरकार म्हणत नाही. कशी चालवावी, ते शिकवते.

आपल्याला करता येण्याजोगे बदल फार खर्चाचे नाहीत. बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकतील इतकी सीट खाली घ्यावी. जमल्यास मधला दांडा नसलेली, ज्याला आपण लेडीज सायकल म्हणतो, ती घ्यावी. यात कमीपणा वाटण्याचे काही कारण नाही. ब्रेकची झिजलेली रबरे बदलावीत. लोखंडी रिम पावसात भिजली की जुने दांडीचे ब्रेक नीट लागत नाहीत, म्हणून पावसाळ्यात वेग आधीच कमी करावा. जबलपूरच्या आसपासची काळी माती ओल्या डांबरावर पसरली की साबणासारखी घसरते, तिथे ब्रेक न दाबता सरळ जावे किंवा उतरून चालावे. रेल्वेचे रूळ तिरके ओलांडू नयेत, काटकोनातच ओलांडावेत. पिशवी हँडलला लटकवू नये, कॅरिअरला बांधावी. पायजम्याचा घोळ चिमट्याने आवळावा. मागे लाल दिवा असावा.

आणि हेल्मेट. ‘सायकलला हेल्मेट? लोक हसतील!’ हसू देत. जखमी झालेल्या ६४ हजारांहून अधिक सायकलस्वारांची माहिती एकत्र करून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हेल्मेटमुळे डोक्याच्या गंभीर दुखापतीची शक्यता सुमारे दोनतृतीयांशाने कमी झालेली दिसली.

पुन्हा पायडलवर

डॉक्टरांनी होकार दिल्यावरही आधी घरीच चार परीक्षा द्याव्यात. दोन्ही हातांनी भिंत ढकलताना मनगट दुखत नाही ना? ब्रेक पूर्ण दाबता येतो ना? मान दोन्ही बाजूंना वळून खांद्यामागचे दिसते ना? आणि भिंतीजवळ, कुणाला तरी शेजारी उभे करून, एका पायावर दहा सेकंद उभे राहता येते ना? शेवटची परीक्षा जमत नसेल तर नाउमेद होऊ नये. ओट्याला धरून रोज दोनदा सराव केला आणि खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस केली, तर काही आठवड्यांत फरक पडतो.

मग मोकळे मैदान गाठावे. पहिले दोन दिवस सायकल हातात धरून नुसते चालावे. त्यानंतर सीटवर बसून पायांनी जमीन ढकलत जावे, लहान मुले शिकतात तसे. पुढे दहा मिनिटे चालवावी, आणि त्यात मुख्य सराव चढण्याचा, थांबण्याचा आणि उतरण्याचा करावा. सरळ रेषेत हळू चालवणे जमले, की एका रविवारी सकाळी, रहदारी नसताना, कामाच्या वाटेवरून जाऊन यावे. जिथे पडले ती जागाही त्या दिवशी पाहून घ्यावी. भीती तिथेच दबा धरून बसलेली असते. त्यानंतर आठवड्यातून दोन दिवस, मग चार, असे वाढवत न्यावे. वाट थोडी लांबची पण कमी रहदारीची निवडावी.

काहींनी मात्र खरोखरच थांबावे. चक्कर किंवा झटके येणारे, नजर फार अधू झालेली, वर्षभरात कारण न समजता दोन-तीनदा पडलेले, यांनी दुचाकी सायकलचा हट्ट धरू नये. त्यांच्यासाठी तीनचाकी सायकल आहे, घरात बसून मारायची सायकल आहे, आणि रोजचे चालणे तर आहेच. एक वाहन सुटले म्हणून हिंडणे-फिरणे सुटता कामा नये.

बाकीच्यांनी फ्रान्सच्या रोबेर मार्शां यांचे उदाहरण लक्षात ठेवायला हरकत नाही. मधली कित्येक वर्षे सायकलीपासून दूर राहिलेला हा माणूस साठी उलटल्यावर पुन्हा सायकलकडे वळला. जानेवारी २०१७ मध्ये, वयाच्या १०५ व्या वर्षी, त्यांनी एका तासात साडेबावीस किलोमीटर अंतर कापले. आपल्याला विक्रम करायचा नाही. डबा घेऊन कामावर जायचे आहे आणि संध्याकाळी भाजी घेऊन सुखरूप परत यायचे आहे. त्यासाठी सीट दोन बोटे खाली घ्यावी, ब्रेक तपासावेत, डोक्यावर हेल्मेट ठेवावे आणि निघताना घरात सांगून निघावे.